केळझरच्या रानात पक्षी बघायला गेलं की गाईड आधी कान लावायला का सांगतो?

केळझर म्हटलं की नागपूर-वर्ध्याकडच्या माणसाला आधी आठवतो तो टेकडीवरचा सिद्धिविनायक. विदर्भातल्या अष्टविनायकांमध्ये या गणपतीची गणना होते. गावाची दुसरी ओळख थेट महाभारतातली. लाक्षागृहातून सुटल्यावर पांडव ज्या एकचक्रानगरीत राहिले ती हीच आणि भीमाने बकासुराला लोळवलं तेही इथेच, अशी आख्यायिका सांगितली जाते. एकचक्रानगरी आमचीच म्हणणारी गावं देशात आणखीही आहेत, पण तो वाद इथे नको.

कारण केळझरची तिसरी ओळख फारशी कुणी सांगत नाही. सेलू तालुक्यातलं हे गाव ज्या डोंगररांगांच्या पायथ्याशी आहे, त्या रांगांमध्येच पुढे बोरचं जंगल आहे. १९७० साली अभयारण्य झालेलं बोर २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. गाभ्याचं क्षेत्रफळ जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. येणारे बहुतेक लोक वाघासाठी येतात, वाघ दिसला नाही की 'काहीच दिसलं नाही' म्हणत परत जातात.

आणि त्या 'काहीच नाही'मध्ये असतात पक्षी.

गेल्या काही वर्षांत मात्र गळ्यात दुर्बीण किंवा खांद्यावर हातभर लांब लेन्स घेऊन केवळ पक्ष्यांसाठी येणारी मंडळी वाढली आहेत. सोबत स्थानिक गाईड, पहाटेची वेळ आणि यादीत नवीन पक्षी पडावा ही इच्छा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, जंगलात जायचं, पक्षी दिसला की फोटो काढायचा, एवढंच तर आहे. पण चांगला गाईड पहिली पंधरा मिनिटं कुठलाच पक्षी दाखवत नाही. तो म्हणतो, थांबा, बोलू नका, ऐका.

असं का?

आधी हे जंगल कसलं, ते बघू. इथे सह्याद्रीसारखे ढगात शिरलेले कडे नाहीत, बाराही महिने हिरवं राहणारं रानही नाही. सातपुड्याच्या दक्षिणेकडच्या या बुटक्या डोंगरांवर उष्ण कटिबंधातलं कोरडं पानगळीचं जंगल आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, पळस आणि मध्ये मध्ये बांबू. उन्हाळ्यात साग उघडाबोडका होतो, पायाखाली वाळलेल्या पानांचा थर साचतो आणि त्यावर चालताना पापड मोडल्यासारखा आवाज होतो. दहा माणसांचा घोळका अशा पानांवरून निघाला की पक्ष्यांना पत्ता लागतो, माणसांना काहीच लागत नाही. मग पाऊस पडतो, आठ-पंधरा दिवसांत रान हिरवंगार होतं आणि पक्षी पानाआड गडप होतात. म्हणजे उन्हाळ्यात पक्षी तुम्हाला आधी ऐकतो आणि पावसाळ्यात तुम्ही त्याला आधी ऐकता. दोन्हीकडे काम कानाचंच.

दुसरी गोष्ट वेळेची. जूनच्या सुरुवातीला वर्ध्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. पक्षी त्याच्या बरेच आधी सुरू होतात. कोतवाल तर चांगला अंधार असतानाच बोलू लागतो, मग दयाळ, मग बुलबुल, होले, आणि तांबडं फुटेपर्यंत सगळ्यांचा एकच गलका. हा पहाटेचा गलका का होतो, यावर शास्त्रज्ञांनी अनेक कारणं मांडली आहेत. एक साधं कारण असं की त्या वेळी किडे शोधायला पुरेसा उजेड नसतो, पण गायला उजेड लागत नाही. दुसरं कारण हवेचं. पहाटे वारा पडलेला असतो, जमिनीलगतची हवा थंड असते, त्यामुळे आवाज लांबवर आणि स्पष्ट जातो. नऊनंतर जमीन तापते, हवा वर उसळू लागते आणि तोच आवाज विरून जातो. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. नर पक्षी रोज सकाळी जाहीर करत असतो की रात्र पार पडली, मी जिवंत आहे आणि हा इलाका माझा आहे.

हे तिसरं कारण लक्षात ठेवा. पुढे ते लागणार आहे.

आवाजावरून पक्षी कसा ओळखतात?

केळझरच्या बाजूने पहाटे निघालं तर सुरुवात बहुतेक वेळा रानाच्या कडेला, शेताच्या धुऱ्यावर होते. व्याघ्र प्रकल्पाच्या पर्यटन भागात पायी फिरता येत नाही, तिथे ठरलेल्या फाटकातून परवानगी घेऊन जिप्सीनेच जावं लागतं आणि प्रत्येक गाडीत गाईड लागतो. बाहेरच्या जंगलातही वाघ-बिबट्यांची ये-जा असते. त्यामुळे 'गाईड कशाला, आपण आपलं फिरू' हा विचार वर्धा जिल्ह्यात तरी करू नये.

धुऱ्यावर उभं राहिलं की जूनमध्ये पहिला ओळखीचा आवाज येतो पावशाचा. चढत चढत जाणारी तीन सुरांची हाक. विदर्भातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल की हा पक्षी 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणतो. हिंदी पट्ट्यात त्याच हाकेचं 'पी कहाँ' होतं आणि इंग्रजांना तापाने फणफणलेल्या अवस्थेत ती 'ब्रेन फीवर' अशी ऐकू आली. पक्षी एक, आवाज एक, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात जे चाललंय ते त्याला ऐकू येतं. कापूस-सोयाबीनवाल्याला पेरणी आणि परदेशातून आलेल्या साहेबाला ताप.

हा पावशा दिसायला शिकऱ्यासारखा असतो. करड्या पाठीचा, पोटावर पट्टे, शेपटीवर पट्टे. लांबून बघणारा हमखास फसतो. पण शिकऱ्यासारखं रूप असूनही तो शिकारी नाही, तो कोकिळेच्या कुळातला. याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते आणि बिचारे सातभाई परक्याचं पिल्लू वाढवतात. डोळ्यांनी बघून शिकरा आणि पावशा यांत गोंधळ होईल, कानांनी होणार नाही.

तांबटाचं उलटं आहे. आंब्याच्या किंवा वडाच्या शेंड्यावर बसून तो 'टुक, टुक, टुक' असा ठोका धरतो, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा. आवाज ओळखायला दोन सेकंद लागतात, पक्षी सापडायला वीस मिनिटं. कारण ठोका देताना तो मान इकडे-तिकडे फिरवतो आणि आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. अशा वेळी गाईड बोट दाखवत नाही. बोट दाखवलं की दहाही जण बोटाकडे बघतात. तो झाडाचं घड्याळ करतो. 'समोरचा मोह, त्याला घड्याळ समजा, दोन वाजता वाळकी फांदी, तिच्या टोकाला.' मग नजर पक्ष्यावर ठेवायची आणि न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. नवखे लोक आधी दुर्बीण लावतात आणि मग तिच्यातून झाड शोधत बसतात. तोवर तांबट उडालेला असतो.

(दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२ अशा आकड्याची बघा. आठपट जवळ दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची असल्याने पहाटेच्या कमी उजेडातही चित्र बरं दिसतं. यापेक्षा जास्त पटीची घेतली तर हात थरथरला की पक्षीही थरथरतो.)

तांबट हे नाव पाहिलंत ना? मराठीत पक्ष्यांच्या नावांवर नजर टाकली तर रानात अख्खं गाव वसल्यासारखं वाटतं. तांबट आहे, झाडं ठोकणारा सुतार आहे, पानं खरोखर शिवून घरटं करणारा शिंपी आहे, पाण्याकाठी शेपटी आपटणारा धोबी आहे, मासे मारणारा धीवर आहे आणि घारी-कावळ्यांना हुसकावत पहारा देणारा कोतवाल आहे. ही नावं पक्ष्याच्या रंगावरून नाही, त्याच्या कामावरून पडली आहेत, म्हणजे ज्यांनी ठेवली त्यांनी पक्षी नुसता पाहिला नव्हता, त्याला दिवसभर वागताना पाहिलं होतं.

मारुती चितमपल्ली यांनी हेच ज्ञान गोळा करायला आयुष्य दिलं. वनखात्यात नोकरी करताना नवेगाव, नागझिरा, मेळघाटच्या रानांत त्यांनी गोंड, माडिया, धीवर अशा लोकांकडून पक्ष्यांची नावं आणि सवयी समजून घेतल्या आणि त्यातून 'पक्षिकोश'सारखं काम उभं राहिलं. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र सरकार २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा करतं. चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती.

पुन्हा रानात येऊ. आवाज फक्त गाण्याचे नसतात. एकमेकांचा पत्ता ठेवण्यासाठी केलेली बारीक चिवचिव असते, पिल्लांची भुकेची ओरड असते आणि धोक्याचा इशारा असतो. सातभाईंचा थवा एखाद्या झुडपाभोवती एकाएकी कलकलाट करू लागला की अनुभवी गाईड थांबतो. तिथे साप असू शकतो, घुबड असू शकतं. वानराचा खोकल्यासारखा इशारा आणि पाठोपाठ चितळाची शीळ आली तर मोठा प्राणी फिरतोय. मग पक्षी राहिले बाजूला, आधी माणसं एकत्र करायची.

यातही फसवणारा एक आहेच. भृंगराज. काळाभोर, डोक्यावर तुरा आणि शेपटीला दोन लांब तारा, तारांच्या टोकाला पिसांचे झुपके. हा पठ्ठ्या दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो, शिकारी पक्ष्यांचेसुद्धा. गाईडने 'शिकरा' म्हणून सगळ्यांना वळवावं आणि फांदीवर भृंगराज बसलेला निघावा, असं होतं. चांगला गाईड त्यावर हसतो आणि 'फसलो' म्हणतो. जो कधीच फसत नाही त्याच्या यादीवर जरा संशय घ्यावा.

सहा वाजताचा पक्षी आणि मोबाईलचा स्पीकर

आता मूळ मुद्दा.

मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये मध्य भारतातल्या रानांत एक पाहुणा येतो. नाव नवरंग. हिरवी पाठ, पिवळसर पोट, शेपटीखाली लालभडक, पंखावर निळा, डोळ्यावर काळी पट्टी. नावाप्रमाणे नऊ रंग मोजत बसा. हिवाळा दक्षिण भारत आणि श्रीलंकेत काढून तो पावसाच्या तोंडावर इकडे अंडी घालायला येतो. एवढा रंगीत असूनही दिसत नाही, कारण तो जमिनीवर, सावलीत, पालापाचोळा उलटवत किडे शोधत फिरतो. पण तो शीळ घालतो. दोन सुरांची, स्पष्ट, लांबवर जाणारी. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी ही शीळ येते म्हणून तमिळमध्ये त्याला 'आरुमणी कुरुवी' म्हणजे सहा वाजताचा पक्षी म्हणतात.

पक्ष्यांच्या मागे लागलेल्या माणसासाठी नवरंग हा मोठा 'लायफर' असतो. लायफर म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा बघितलेली जात. त्यात तो सुंदर. त्याचा एक चांगला फोटो टाकला की लाईक्सचा पाऊस.

समजा, शीळ येतेय पण पक्षी काही बाहेर येत नाही. पाहुणे नागपूर-पुण्याहून पैसे आणि सुट्टी खर्चून आलेत. साडेसात वाजलेत, ऊन वाढतंय. मग कुणीतरी खिशातून मोबाईल काढतो, छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडतो आणि नवरंगाची रेकॉर्ड केलेली शीळ वाजवतो. अर्ध्या मिनिटात खरा नवरंग पुढच्या फांदीवर येऊन बसतो, छाती फुगवून शीळ घालू लागतो. कॅमेरे कडकडतात. सगळे खूश.

झालं काय? तर मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं ते तिसरं कारण. शीळ म्हणजे 'हा इलाका माझा' अशी घोषणा. नवरंगाच्या कानांना स्पीकर कळत नाही. त्याला एवढंच कळतं की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय आणि तो मागे हटत नाहीये. तो खाणं सोडून, घरटं सोडून भांडायला येतो. समोर कुणीच नाही. तो पुन्हा शोधतो, पुन्हा शीळ घालतो. एका ग्रुपने दहा मिनिटं वाजवलं, ते गेले. तासाभराने दुसरा ग्रुप. उद्या तिसरा. कारण पहिल्या ग्रुपच्या फोटोखाली जागेचं नाव होतं.

एकदा, दोन-चार सेकंद आवाज वाजवल्याने पक्षी मरत नाही, हेही खरं. संशोधक पक्ष्यांची गणना करताना कधीकधी ठराविक नियम पाळून हीच पद्धत वापरतात. प्रश्न आहे तो त्याच जोडीला रोज सकाळी, ऐन विणीच्या महिन्यात उठवण्याचा. नवरंगाचं घरटं म्हणजे काटक्या-पानांचा गोळा, जमिनीवर किंवा कमी उंचीच्या फांदीत. अंडी चार-पाच. नर-मादी दोघंही उबवतात. त्यातला एक जण रोज खोट्या शत्रूशी लढत राहिला तर दुसऱ्यावर सगळा भार.

स्वर्गीय नर्तकाची गोष्ट याहून वाईट आहे. पांढराशुभ्र नर, काळं डोकं आणि मागे फीत सोडावी तशी लांब शेपटी. शेजारच्या मध्य प्रदेशने त्याला 'दूधराज' म्हणून राज्यपक्षी केलंय. तोही याच दिवसांत, पाण्याजवळच्या सावलीत, बारीक फांदीच्या बेचक्यात कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेली वाटी बांधतो. नर स्वतः अंड्यांवर बसतो तेव्हा ती शेपटी वाटीबाहेर लोंबत असते. फोटोसाठी याहून चांगलं दृश्य नाही. अडचण एकच, मध्ये पानं येतात. मग काही जण ती पानं तोडतात.

ती पानं घरट्याचं छप्पर होती. वर्ध्याचा मे महिना म्हणजे पारा ४५ अंशांच्या पुढे. उघड्या अंड्यांचं काय होत असेल ते सांगायला नको. उन्हातून वाचली तर टकाचोर आहे. विटकरी अंगाचा, लांब शेपटीचा हा कावळ्याचा चुलतभाऊ अंडी-पिल्लांवर टपलेला असतो. छप्पर गेलं की त्याचं काम सोपं.

आणि कायदा काय म्हणतो? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात बंदूक किंवा सापळा लागतोच असं नाही. वन्य पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांचं नुकसान करणं, अंडी किंवा घरटं यांना त्रास देणं हेसुद्धा शिकारीतच मोडतं. म्हणजे घरट्यासमोरची पानं तोडून फोटो काढणारा माणूस स्वतःला निसर्गप्रेमी समजत असला तरी कायद्याच्या भाषेत तो कोणत्या रांगेत बसतो, बघा. काही छायाचित्र स्पर्धांनी घरट्यातल्या पक्ष्यांचे फोटो घेणंच बंद केलंय, ते यामुळेच.

मग गाईड अडवत का नाही? अनेक जण अडवतात. पण त्याची बाजूही समजून घ्यायला हवी. तो जवळच्या गावातला असतो, हंगामावर पोट असतं. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर साधारण तीन महिने व्याघ्र प्रकल्पांचा गाभा पर्यटनाला बंद असतो. उरलेल्या महिन्यांत पाहुणा खूश होऊन गेला तर पुढच्या वेळी फोन करतो, चार जणांना नंबर देतो. आणि पाहुणा खूश कशाने होतो? फोटोने. 'शीळ ऐकवली' म्हणून बक्षीस देणारा पाहुणा विरळा. म्हणजे पक्ष्याला त्रास होऊ नये याची जबाबदारी आपण अशा माणसावर टाकतो, ज्याची कमाई त्रास देण्याने वाढते. यात एकट्या गाईडला दोष देऊन चालणार नाही. जो पाहुणा निघण्याआधीच 'आम्हाला कॉल वाजवायचा नाही, नाही दिसला तरी चालेल' असं सांगतो, तो गाईडचं अर्धं ओझं उतरवतो.

'दिसला' असं लिहिण्याची किंमत

गाईडच्या खिशात एक छोटी वही असते, हल्ली मोबाईलमध्ये ॲप असतं. तिथे तो तारीख, वेळ, जागा, पक्षी आणि संख्या लिहितो. हा भाग बहुतेक पाहुण्यांना कंटाळवाणा वाटतो. पण एका खोट्या नोंदीने काय होतं याची एक गोष्ट महाराष्ट्राच्याच रानातली आहे.

रानपिंगळा नावाचं लहानसं घुबड. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं. हे ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतले तेच. १८८४ नंतर हा पक्षी कुणालाच सापडला नाही. फक्त एक अपवाद. रिचर्ड माइनर्ट्‌झहेगन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याकडे १९१४ सालचा, गुजरातमधल्या मांडवीचा असं लेबल लावलेला नमुना होता. त्यामुळे नंतर शोधणाऱ्यांनी तिथेही शोधलं. पक्षी मिळाला नाही. लोकांनी तो नामशेष धरला.

पुढे अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले आणि उलगडा झाला की तो नमुना चोरलेला होता. खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात गोळा केलेला पक्षी संग्रहालयातून उचलून, पुन्हा पेंढा भरून त्याला नवं लेबल चिकटवलं होतं. खोटी नोंद बाजूला काढल्यावर उरल्या खऱ्या जागा. त्या धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट नोव्हेंबर १९९७ मध्ये शोधाला निघाले आणि २५ तारखेला सकाळी शहाद्याजवळच्या सातपुड्यात, उघड्या फांदीवर, उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. घुबड असूनही तो दिवसा वावरतो. पुढे विदर्भात मेळघाटातही तो सापडला. केळझरच्या आसपास आहे तसंच कोरडं सागाचं रान त्याला लागतं.

आता साध्या पक्ष्याकडे या. नीलपंख. बसलेला असताना मातकट, उडाला की निळ्या रंगाचे दोन पट्टे उघडतात. केळझर ते वर्धा रस्त्याने तारेवर बसलेला दिसू शकतो. वर्धा शहराने २०१८ मध्ये चक्क निवडणूक घेऊन याला शहरपक्षी म्हणून निवडलं. लोकांना वाटतं हा तर नेहमीचाच, याची कसली नोंद करायची? पण २०२३ मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, त्यात झपाट्याने कमी होत असलेल्या आणि धोक्याच्या यादीसाठी नव्याने तपासायला हव्यात अशा जातींमध्ये नीलपंखाचं नाव आहे. हे कळलं कशावरून? सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवरून. ९४२ जातींचा अभ्यास त्यातून झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल सांगता आला, त्यातल्या ६० टक्के घटताना दिसल्या. या ३ कोटी नोंदी म्हणजे कुणीतरी पहाटे उठून, 'नीलपंख, २' असं खरं खरं लिहिल्याची बेरीज आहे. आणि 'आज दिसला नाही' हेही त्या बेरजेला लागतं.

नऊ वाजले की रान गप्प होतं. कोतवाल तेवढा तारेवर असतो आणि कुठेतरी होल्याची घुमणारी हाक. मंडळी केळझरच्या रस्त्यावर येतात, चहा सांगतात. देवदर्शनाला आलेल्या गाड्या उभ्या असतात. गाईड वही उघडतो आणि सगळ्यांना विचारत यादी पूर्ण करतो. पावशा, तीन. तांबट, चार. सातभाई, अकरा. टकाचोर, एक. भृंगराज, एक, शिकऱ्याचा आवाज काढत होता. कुणीतरी विचारतं, नवरंग लिहायचा का, तो तर बघायलाच मिळाला नाही.

लिहायचा. पक्ष्यांच्या नोंदीत नुसता ऐकलेला पक्षीही धरतात, फक्त तसं नमूद करायचं असतं. गाईड लिहितो: नवरंग, १, फक्त आवाज, सकाळी ६ वाजून १० मिनिटे.